अकरा वर्षं निरंक

आमच्या गॅस एजन्सीत घरोघर सिलिंडर पोचवणारा एक माणूस होता. त्याला सगळे वायसर म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. समोर मी त्याला 'अहो वायसर' म्हणायचे, तो मला 'ताई' म्हणायचा, पण मनात तो माझ्यासाठी कायम 'तो'च होता, म्हणून इथंही तसंच लिहिते. त्याला मानापमानाचं काही पडलेलं नव्हतं. थोडंफार असतं तर त्याचं भलं झालं असतं.

मी त्याच एजन्सीत क्लार्क आहे. एकोणीस वर्षं एकाच टेबलाला चिकटून बसलेली बाई जगाबद्दल काय बोलणार, असं कुणालाही वाटेल. पण काउंटरच्या जाळीतून माणसं फार स्वच्छ दिसतात. ती आमच्याकडे भांडायलाच येतात, त्यामुळे चेहरा नीटनेटका करून येत नाहीत.

सिलिंडरच्या तोंडात, जिथं रेग्युलेटर बसतो तिथं, आत एक काळी रबरी कडी असते, अंगठ्याच्या नखाएवढी. कंपनीच्या कागदांवर तिला काहीतरी भारदस्त नाव आहे; आमच्या गोडाऊनमध्ये तिला वायसर म्हणतात. सिलिंडर भरून येतो, रिकामा होऊन जातो, ट्रकमध्ये आपटतो, उन्हात तापतो, आणि हा वायसर आत बसल्या बसल्या म्हातारा होतो. कडक पडतो, चिरतो. मग रेग्युलेटर लावला की त्याच्या कडेनं गॅस हळूच सुटायला लागतो. एका घराचा जीव इतक्या फालतू वस्तूवर टांगलेला असावा, याचा मला अजून राग येतो.

या माणसाला त्या कडीचं वेड होतं. दारात सिलिंडर उतरवला की हात झटकून तो पुढच्या घराकडे पळत नसे. सील तोडायचं, टोपी काढायची, कमरेच्या पिशवीतून स्वतःचा रेग्युलेटर काढून लावायचा. त्याची नळीची बाजू त्यानं बूच मारून बंद केलेली होती. वरून साबणाचं पाणी सोडायचं आणि उकिडवं बसून बघत राहायचं. बुडबुडा आला की रेग्युलेटर काढून आकड्यानं जुना वायसर उपसायचा, पुडीतला नवा बसवायचा आणि पुन्हा साबणाचं पाणी. हे सगळं उंबऱ्याबाहेर, वाऱ्यावर. घरातली बाई आतून रिकामा सिलिंडर लोटत आणेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असायचं. तिला काही झालं होतं हेसुद्धा कळायचं नाही, आणि त्याला त्यातच मोठा अभिमान वाटायचा.

"सिलिंडर आणि जावई, दोन्ही घरात घेण्याआधी बाहेरच तपासावेत," असं तो दारोदार सांगत फिरायचा. बायका हसायच्या. त्याची बायको मात्र एकदा एजन्सीत आली होती तेव्हा मला म्हणाली, "हे घरी आले की आधी माझ्या कुकरचं रबर दाबून बघतात, मग मी जिवंत आहे का ते बघतात." ती हे तक्रार म्हणून सांगत होती. मला तिचा हेवा वाटला होता, हेही खरं.

आता नियम काय होता ते सांगायला हवं. गळका सिलिंडर सापडला तर त्याला लाल चिठ्ठी बांधायची, गळतीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि तो प्लांटला परत पाठवायचा. दारात वायसर बदलायचा अधिकार डिलिव्हरीवाल्याला नाही. नियम शहाण्या माणसानं केलेला होता. परत आलेले सिलिंडर बघूनच प्लांटला कळणार की कुठला माल जुना झालाय. पण परत गेलेल्या प्रत्येक सिलिंडरमागे वरून खुलासा मागणारं पत्र यायचं. आमचे मालक त्या पत्रांना फार घाबरायचे. एजन्सी वडिलांकडून आयती मिळालेली, त्यामुळे ती आपल्या हातून जाईल अशी धास्ती त्यांना चोवीस तास.

"तू हाताचा हुशार आहेस ना?" मालक त्याला म्हणाले. "मग बदल आणि मोकळा हो. परत गाडीत टाकू नकोस."

त्याला ते सोयीचंच वाटलं. लाल चिठ्ठी लावली की त्या घराला दुसरा सिलिंडर मिळायला तीन-चार दिवस लागायचे. प्लांटमधला एक ओळखीचा फिटर त्याला नवे वायसर पुडीत बांधून द्यायचा. म्हणजे मालकांचं पत्र टळलं, घराची चूल थांबली नाही आणि वायसरचं समाधान झालं. राहिलं रजिस्टर. ते माझ्याकडे होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी गळतीच्या रकान्यात 'निरंक', म्हणजे काहीच नाही, असं लिहायचे आणि सही करायचे. खाली मालक सही करायचे.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "अहो, किती बदलले ते निदान पेन्सिलीनं लिहून ठेवू का?"

"कशाला ताई?" तो म्हणाला. "लिहिलं की सिलिंडर परत गेला. परत गेला की त्या बाळंतिणीच्या घरी पाणी कशावर तापवणार?"

मला पटलं. जे सोपं असतं ते मला पटकन पटतं. अशी अकरा वर्षं गेली.

आणि मग ते पत्र आलं. खुलासा मागणारं नव्हतं, कौतुकाचं होतं. शहरातल्या मोठ्या हॉटेलात गॅस उद्योगाची दोन दिवसांची परिषद होती, 'उद्याची ऊर्जा आणि द्रवरूप गॅस' अशा नावाची. अकरा वर्षांत गळतीची एकही नोंद नसलेली एजन्सी म्हणून आमचा सत्कार होणार होता. मालकांनी मला आणि वायसरला बरोबर घेतलं. मला कागदपत्रं सांभाळायला, आणि वायसरला कारण पत्रात लिहिलं होतं की 'प्रत्यक्ष क्षेत्रात काम करणारा एक कर्मचारी' हवा.

वायसरनं साडूचा कोट मागून आणला होता. बाह्या आखूड होत्या. गळ्यात अडकवायचा बिल्ला मिळाला तर त्यानं तो हातात धरून ठेवला, कारण सिलिंडर उचलणाऱ्या माणसानं गळ्यात काही लोंबतं ठेवायचं नसतं, ही त्याची सवय. सभागृहाबाहेर कंपन्यांनी नव्या वस्तू मांडल्या होत्या. एका टेबलावर आरपार दिसणारा, वजनाला हलका सिलिंडर होता. वायसरनं तो उचलून बघितला, वाकून तोंडात बघितलं आणि तिथल्या मुलीला विचारलं, "याचा वायसर किती दिवसांत जातो?" तिनं गोड हसून त्याच्या हातात एक रंगीत पुस्तिका दिली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि कोटाच्या खिशात घातली.

भाषणं चांगली झाली, हे मी मान्य करते. पांढऱ्या केसांचे एक तज्ज्ञ म्हणाले की लाकूडफाटा मागे पडलाय आणि सगळ्यांच्या घरी विजेवर स्वयंपाक व्हायला अजून वेळ आहे, तोवर मधल्या काळात गॅसलाच ओझं उचलायचंय. धुरानं छाती भरलेल्या बायकांचे आकडे त्यांनी दाखवले. माझी आई जन्मभर लाकडं फुंकत राहिली आणि शेवटी दोन पायऱ्या चढताना तिला दम लागायचा. मला त्या माणसाचा शब्द न् शब्द खरा वाटला. माझा राग गॅसवर नाही. दुपारी जेवायला गेलो तर गॅसच्या परिषदेतलं अन्न विजेच्या शेगड्यांवर गरम ठेवलेलं होतं, कारण सभागृहात ज्योत पेटवायला हॉटेलची परवानगी नव्हती. वायसर ते बघून पोटभर हसला. त्या दिवसातलं त्याचं ते शेवटचं हसू.

जेवणानंतर आमच्या विभागाचे अधिकारी बोलायला उभे राहिले. तरुण, सभ्य, कायम टाय लावणारे. आम्ही त्यांना टायसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. त्यांच्या मागं पडद्यावर एक भलंमोठं शून्य उमटलं.

"हे शून्य बघा," ते म्हणाले. "आमच्या विभागातली एक एजन्सी. अकरा वर्षं. एकही गळती नाही, एकही सिलिंडर परत नाही. याचा अर्थ प्लांटमधली तपासणी पुरेशी आहे. दारात सील फोडून तेच पुन्हा तपासणं म्हणजे माणसांचा वेळ वाया घालवणं. पुढच्या तिमाहीपासून टोपी सीलबंदच ग्राहकाच्या हातात द्यायची, डिलिव्हरीवाल्यानं फक्त स्कॅन करायचं. एका घराला नव्वद सेकंद."

माझ्या शेजारी वायसर पुढं सरकून बसला होता.

"ताई, ते शून्य आपलं?"

"हो."

"पण शून्य कुठंय? या आठवड्यात चार निघाले."

"माहीत आहे मला."

"मग यांना शून्य म्हणून सांगितलं कुणी?"

मी समोरच्या छोट्या वहीत बघत राहिले. हॉटेलनं दिलेली ती कोरी वही होती. उत्तर त्याला सापडायला फार वेळ लागला नसणार. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं गेलं.

मालकांनी शिल्ड घेतलं, हार घालून घेतला. टायसाहेबांनी माईक वायसरपुढं धरला आणि दोन शब्द बोला म्हणाले. सगळ्यांना वाटलं तो आभार मानेल.

"साहेब, ते शून्य चुकीचं आहे," तो म्हणाला. "आठवड्याला तीन-चार गळके निघतात. मी दारात वायसर बदलतो, म्हणून तुमच्यापर्यंत येत नाही. तपासणी बंद करू नका. बाकी मला काही नको."

मग कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळेच टाळ्या वाजवायला लागले. टायसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा," ते माईकमध्ये म्हणाले, "अशी माणसं आपल्या उद्योगाचा कणा आहेत." फोटो निघाला. पडद्यावरचं शून्य फोटोत बरोबर वायसरच्या डोक्यामागं आलंय. तो फोटो आमच्या ऑफिसात अजून लावलेला आहे.

टाळ्या संपल्यावर मात्र टायसाहेबांना त्याचं बोलणं पुन्हा आठवलं असावं. जाताना त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही म्हणालात त्याचा काही पुरावा आहे?"

"आहे ना," वायसर म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, ऐकलं.

सोमवारी तो एजन्सीत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत जड पिशव्या होत्या. दुधाच्या पावडरीचे सात डबे त्यानं माझ्या टेबलावर मांडले आणि झाकणं उघडली. आत काळे, चिरलेले, कडक पडलेले वायसर. अकरा वर्षांचे. कुणी कचऱ्यातून उचलून पुन्हा वापरील म्हणून त्यानं एकही फेकला नव्हता. सगळे घरी माळ्यावर ठेवले होते. मी डब्यात हात घातला. वायसर बोटांना नुसते खरखरीत लागले. मला भीती वाटली. ती त्या वायसरांची नव्हती. महिन्यामागून महिना ज्या अक्षरात मी निरंक लिहीत होते त्या अक्षराची होती.

पुरावा बघायला टायसाहेबही आले होते; त्यांनी एकेक डबा वाकून बघितला. मग त्यांनी लॅपटॉप उघडला.

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही विनापरवाना झडपेत हात घालत होता," ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "हे वायसर मंजूर होते का? कुणी दिले?"

फिटरचं नाव वायसरनं सांगितलं नाही. "चांगले होते," एवढंच म्हणाला.

"आणि एजन्सीला हे माहीत होतं?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी मालकांकडे बघायला लागले. वायसर आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. आपण कशासाठी डबे आणले आणि ते कशासाठी उपयोगी पडणार आहेत, हे.

"ताईंना माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी सांगत नसे."

माझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला असता तर पुरलं असतं. मी मूग गिळून बसले. मालकांनी स्वतः कागद टाईप केला. सदर कर्मचारी परस्पर झडपेत फेरफार करत होता, कार्यालयास याची कल्पना नव्हती, रजिस्टरमधील नोंदी उपलब्ध माहितीनुसार प्रामाणिकपणे केलेल्या आहेत. खाली माझी सही. सही करायला माझ्याकडे कारणं होती. ती सगळ्यांकडेच असतात, त्यामुळे ती इथं सांगत बसत नाही.

सातही डबे टायसाहेब गाडीत घालून घेऊन गेले. वायसरला कामावरून काढलं. सव्वीस वर्षं सिलिंडर वाहिलेल्या माणसाला निरोप म्हणून मालकांनी हात जोडले आणि गोडाऊनची किल्ली परत मागून घेतली. पुढच्या तिमाहीची वाटही बघितली नाही. त्याच आठवड्यापासून सीलबंद टोपी आणि स्कॅन सुरू झालं. नवा माणूस छोट्या टेम्पोतून यायचा, दारात सिलिंडर टेकवायचा, 'टिक' आवाज करायचा आणि जायचा. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो सांगितलेलं काम करत होता.

वायसर बाजाराच्या मागच्या गल्लीत एक सतरंजी टाकून बसायला लागला. कुकरची रबरं, मिक्सरची पाती, शेगडीचे बर्नर दुरुस्त करायचा. मी त्या गल्लीनं जाणं सोडून दिलं. घरी जायला मला दहा मिनिटं जास्त लागायची. एकदा त्याची बायको मला दुकानात भेटली. तिनं मला बघितलं आणि तांदळाच्या पोत्यात हात घालून दाणे बघत राहिली, मी पुढं जाईपर्यंत. तिचं काही चुकलं नाही.

पाचव्या महिन्यात आमच्याच भागात आग लागली. एकटी राहून कपडे शिवणारी बाई. तिला सगळे शिवणवाली म्हणतात. खोली एकच, एका कोपऱ्यात मशीन आणि दुसऱ्या कोपऱ्यात शेगडी. भडका उडाला, शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून जीव वाचला. पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. शिवणकाम करणारीचे हात. मला आणखी काही सांगायची गरज वाटत नाही.

चौकशी झाली. सिलिंडर इतका जळाला होता की आतल्या वायसरचा मागमूस नव्हता. अहवालाची प्रत आमच्याकडे आली, ती फाईलला मीच लावली. त्यात लिहिलं होतं की सदर एजन्सीचा गळतीचा इतिहास गेली अकरा वर्षं निरंक आहे. कर्मचाऱ्यानं केलेल्या विनापरवाना फेरफाराचं प्रकरण स्वतंत्र असून तो कर्मचारी दुर्घटनेआधीपासूनच सेवेत नव्हता. त्यामुळे सिलिंडरमध्ये दोष असण्याची शक्यता अल्प असून ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे दुर्घटना घडली असावी. निरंक हा शब्द त्यांनी जसाच्या तसा माझ्याकडून उचलला होता.

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं खरं लिहून काढलं, अडीच पानं, आणि रजा टाकून टायसाहेबांच्या ऑफिसात गेले. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं, पत्र शांतपणे वाचलं. मग फाईलमधून माझाच जुना कागद काढून शेजारी ठेवला.

"दोन्हींवर तुमचीच सही आहे," ते म्हणाले. "यातलं खोटं कोणतं?"

"जुनं."

"तेव्हाही तुम्ही 'प्रामाणिकपणे' असंच लिहिलं होतं. उद्या तिसरं लिहाल. मी कशाच्या आधारावर अहवाल बदलू?"

मी म्हणाले, "डबे आहेत ना तुमच्याकडे."

"ते नियमानुसार नष्ट केले," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर थोडी शरम दिसली. तिचा काही उपयोग नव्हता. ना त्यांच्या शरमेचा, ना माझ्या.

तिथून मी थेट मागच्या गल्लीत गेले. वायसर कुणाच्या तरी कुकरचं झाकण पुसत होता. मी उभी राहून सगळं सांगितलं. अहवाल, पत्र, सगळं. माफी मागायचं वाटेत ठरवलं होतं, ते शब्द मात्र बाहेर आले नाहीत. तो ऐकत होता आणि हात थांबलेले नव्हते.

"तिची चूक लिहिली?" त्यानं विचारलं.

"हो."

तो उठला, सतरंजी गुंडाळली, शेजारच्या चपला शिवणाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं. "चला," म्हणाला.

शिवणवालीच्या खोलीला नुकताच चुना मारला होता, पण छताजवळ काळा डाग तसाच होता. मशीनवर चादर टाकलेली. ती खाटेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, जाड पट्ट्यांत गुंडाळलेले. वायसरला बघून तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही कुठं गेलात हो?" ती म्हणाली. "तुम्ही यायचात तेव्हा कसलीच कटकट नव्हती. कागदावर लिहिलंय माझ्याच चुकीनं झालं. खरंच का हो? मी काय चूक केली, सांगा ना. मला विचार करून वेड लागायची पाळी आलीय."

वायसर तिच्या समोर उकिडवा बसला, जसा सिलिंडरसमोर बसायचा. "त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"सकाळपासून घाण वास येत होता. मला वाटलं उंदीर मेलाय. सगळी गाठोडी हलवली, खाटेखाली झाडलं, मोरीत फिनेल ओतलं. हुंगून हुंगून सगळीकडे शोधलं. खिडकी लावून घेतली, म्हटलं बाहेरून गटाराचा येत असेल. वास काही जाईना. मग दमले आणि म्हटलं चहा तरी करून घ्यावा." ती थांबली. "काडी ओढली."

"गॅसचा वास आहे हे ओळखलं नाही?"

"कसा ओळखणार?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हीच सिलिंडर आणत होता. माझ्या घरात तो वास कधी आलाच नाही. गॅसला असा वास असतो हे मला इस्पितळात नर्सनं सांगितलं."

वायसरनं दोन्ही तळहात जमिनीवर टेकले. मला वाटलं तो पडतोय. तो बसला नुसता, खाली, नुकत्याच पुसल्यासारख्या त्या स्वच्छ फरशीवर. परिषदेत एका पडद्यावर लिहिलं होतं की गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसांना कळावं म्हणून तो मुद्दाम मिसळतात. आम्ही दोघांनी शेजारी बसून ते वाचलं होतं.

"तुमची काही चूक नाही," तो तिला म्हणाला. "माझी आहे. मी एकदा तरी तुम्हाला दारात बोलावून तो वास हुंगवायला हवा होता. हा बघा, असा असतो, हा आला की खिडक्या उघडा आणि काडी ओढू नका. मी बाहेरच्या बाहेर सगळं मिटवत राहिलो. मला वाटायचं मी तुम्हाला सांभाळतोय."

"नाही हो," शिवणवाली म्हणाली, "तुम्हाला कोण बोल लावेल?"

मला ते ऐकवेना. माझ्या वाट्याचं तो उचलून घेऊन चालला होता, आणि या खेपेलाही मी उभी राहून बघत होते. "यांची नाही, माझी चूक आहे," मी म्हणाले.

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

इतक्या वर्षांत मी या घरी कधी आलेच नव्हते. तिचा ग्राहक क्रमांक मला पाठ होता. "मी एजन्सीत असते," मी म्हणाले. "रजिस्टर मी लिहिते. सिलिंडर गळके निघायचे, हे दारातच वायसर बदलायचे, आणि मी काहीच निघत नाही म्हणून लिहायचे. त्यावरून दारातली तपासणी बंद झाली. त्यावरूनच तुमची चूक ठरवली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सगळं?"

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी उभी राहू शकले असते. तिनं मांडीवरच्या दोन पट्ट्यांकडे बघितलं, मग वायसरकडे वळून म्हणाली, "तुम्ही बसा थोडा वेळ." आणि मला म्हणाली, "तुम्ही निघा आता. जाताना दार ओढून घ्या, मला अजून ओढता येत नाही."